बशीतल्या दोन बिया

झाड तोडणारा माणूस करवत घेऊन चार वाजता येणार होता, आणि आत्याने अजून फळ कापलंच नव्हतं.

भाचा घरोघरी वायरिंगची कामं करायचा. त्याचा टेम्पो रस्त्यावर उभा असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दोनदा त्याचा आरसा उडवला होता. टेम्पो आत घ्यायला अंगणात एकच जागा होती, आणि नेमकं तिथेच स्टारफ्रूटचं झाड होतं.

आत्याच्या निवृत्तीच्या दिवशी चौथीच्या मुलांनी पत्र्याच्या डब्यात वाढवलेलं रोप तिच्या हातात दिलं होतं, तेच हे. आता ते छपराला टेकलं होतं. फळं भरपूर धरायचं, पण एक चावा घेतला की तोंड वाकडं व्हायचं. आत्याने राख घातली, खत घातलं, पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. झाडाने दाद दिली नाही. शेवटी गेल्या वर्षी भाच्याने सांगून टाकलं होतं की पुढच्या हंगामात फळ गोड निघालं तर झाड राहील, आंबट निघालं तर जाईल, आणि चव तो स्वतः घेईल.

तो शब्दाचा पक्का होता. आई गेल्यावर आत्यानेच त्याला वाढवलं होतं. लहानपणी तो खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे आणि आत्याला पुढे काही विचारावंच लागायचं नाही. अजूनही त्याचे कपडे तीच धुवायची, आधी खिशांतले स्क्रू आणि वायरचे तुकडे काढून.

भाच्याची मुलगी, आठ वर्षांची चिमणी, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या कुंडीपाशी बसली होती. कुंडीत मिरॅकल बेरीचं झुडूप होतं. दोन वर्षांपूर्वी आत्याने सांगितलं म्हणून भाच्यानेच ते नर्सरीतून टेम्पोत घालून आणलं होतं. त्यावर आज बरोब्बर तीन फळं पिकली होती, लाल, बोटाच्या पेराएवढी.

आत्याने चिमणीला सगळं नीट समजावलं. हे फळ चघळलं की पुढचा अर्धा-पाऊण तास आंबटही गोड लागतं. लिंबू खाल्लं तरी साखरेसारखं. फळ बदलत नाही, जीभ फसते.

"म्हणजे आपण बाबाला फसवायचं?" चिमणीने विचारलं.

पस्तीस वर्षं आत्याने मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगितलं होतं.

"प्रयोग करायचा," ती म्हणाली आणि सुरी शोधायला आत गेली.

साडेतीनला भाचा कामावरून आला. ओट्यावर ताटलीत पिवळ्या चांदण्यांसारख्या चकत्या मांडलेल्या होत्या. आत्याने प्रत्येकाच्या हातावर एकेक लाल फळ ठेवलं. आधी हे चघळायचं, त्याने तोंड साफ होतं, आणि बी बशीत टाकायची, ती पेरायची आहे, असं तिने बजावलं.

"परीक्षेला बसवतेस की परीक्षा देतेस, आत्या?" भाचा म्हणाला. त्याने मूठ तोंडाशी नेली. त्याचे गाल हलले.

मग त्याने चकती उचलली. बराच वेळ चावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं आणि ऊन फार असल्याचं सांगितलं. तोवर आत्याने आणि चिमणीनेही एकेक चकती खाल्ली होती. मधात बुडवल्यासारखी लागली.

"गोड आहे," भाचा म्हणाला.

उन्हातून आल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते. त्याने दुसरी चकती घेतली, मग तिसरी. फोन काढून करवतवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. टेम्पोचं काय, असं आत्याने चाचरत विचारलं, तर आता मिटणारा आरसा बसवणार असल्याचं म्हणाला. मग दोन तांबे पाणी पिऊन आंघोळीला गेला.

आत्या पायरीवर बसली. हात लांब करून तिने खोडाला टेकवला. चिमणी झाडाभोवती गोल गोल पळत होती.

थोड्या वेळाने चिमणी बशी घेऊन आली. बशीत दोनच बिया होत्या.

"बाबाने गिळली वाटतं. आता त्याच्या पोटात झाड येणार."

"येऊ दे," आत्या हसून म्हणाली. "तिथे टेम्पो उभा करायचा नाही ना कुणाला."

संध्याकाळी तिने धुवायचे कपडे काढले आणि भाच्याच्या शर्टाचा खिसा ओट्यावर उलटा केला. दोन स्क्रू पडले, चिकटपट्टीचा तुकडा पडला, आणि त्यांच्यामागून घरंगळत आलं एक लाल फळ, देठासकट, दातही न लागलेलं.