नऊ फुटांवरचं दार

तिसरा टेकही वाया गेला. टेबलाशी सफरचंद कापणारी बायको स्वच्छ दिसली. तिच्या मागे दारात उभा असलेला नवरा मात्र शेवटपर्यंत धूसरच राहिला. तो हळूहळू स्पष्ट व्हायला हवा होता. तो हसतोय, हे प्रेक्षकाला तेव्हाच कळायला हवं होतं. कॅमेऱ्याचा फोकस फिरवणाऱ्या फूटपट्टीला दरदरून घाम फुटला. पंचवीस वर्षं अंतरं मोजतोय म्हणून युनिटने त्याला दिलेलं हे नाव.

"आणखी एकदा चुकलं, की उद्यापासून दुसरा माणूस," निर्मातीणबाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं.

घोळ घातला होता बाईंनीच. या दिग्दर्शकाचा हा दहावा सिनेमा. गेल्या सहा सिनेमांत दार टेबलापासून नऊ फुटांवर असायचं. बंगला असो की खोपटं, अंतर तेच. भूत नाही, रक्त नाही, किंकाळी नाही, नुसता दारात माणूस. पण भल्याभल्यांची बोबडी वळायची. नऊ फुटांवरचा माणूस धड परका नसतो, धड आपला नसतो, असं एका समीक्षकाने लिहिलं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण बाईंना हौस दांडगी. दिग्दर्शक तापाने पडला होता, तेवढ्यात त्यांनी ऐसपैस खोली बांधून दार वीस फुटांवर नेलं. सकाळी ते पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण त्याने तसंच शूटिंग सुरू केलं.

जेवणाच्या सुट्टीत फूटपट्टी दिग्दर्शकापुढे जाऊन उभा राहिला. घरी दोन मुली शिकत होत्या आणि त्याला दुसरं कुठलंही काम येत नव्हतं. पण एवढ्या मोठ्या माणसाचा सिनेमा आपल्या हातून नासायला नको.

"साहेब, मला नीट दिसत नाही. बरीच वर्षं झाली. हाताच्या सवयीवर निभावत आलो, आज हात फसला. तुम्ही दुसरा माणूस घ्या."

दिग्दर्शकाने डबा बंद केला आणि सुताराला हाक मारली. "दार पुढे आण. नऊ फुटांवर."

"अहो, अख्खी भिंत हलवणार?" बाई कडाडल्या.

"हलवणार. लोक माझं नाव वाचून येतात, ते त्या नऊ फुटांसाठी."

चार वाजता कॅमेरा सुरू झाला. फूटपट्टीने सरळ डोळे मिटून घेतले आणि बोटांना त्यांचं काम करू दिलं. दारातला धूसर डाग हळूहळू नवरा झाला. मग हसला. "अगं बाई!" म्हणत निर्मातीणबाईंनी शेजारच्या मेकअपवालीचा दंड घट्ट धरला. दुसऱ्या माणसाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सामान आवरताना फूटपट्टीला राहवेना.

"साहेब, आज माझ्यासाठी दार हलवलंत. हे उपकार कसे फेडू?"

"आज?" दिग्दर्शक हसला. "अरे, चौथ्या सिनेमाच्या वेळी तू माझ्या चहात साखर समजून मीठ घातलंस ना, तेव्हापासून हलवतोय."