रस्त्याखालचा कान

पडद्यावर लाल पट्टा उमटला आणि यंत्र कोकलायला लागलं. खोदकाम, खोदकाम!

दिपेशने फोन उचललासुद्धा. "कळवा गावठाणाजवळ आहे. जेसीबीच असणार. गस्तीची गाडी पाठवतो."

"थांब जरा," शॅनन म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

खारेगावच्या त्या खोलीतून निघालेली इंटरनेटची जुनी केबल रस्त्याखालून कळव्यावरून पार शीळफाट्यापर्यंत जात होती. तिच्यातल्या काचेच्या तंतूत प्रकाश सोडायचा आणि परत येताना तो कुठे थरथरतो ते बघायचं. वर कोण चालतंय, कोण खणतंय, सगळं कळतं. शेजारून पाण्याची मोठी पाइपलाइन गेलेली. ती कुणी फोडू नये म्हणून या म्हाताऱ्या केबलला राखणीला बसवलेलं. शॅनन आणि दिपेश दिवसभर डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे बघत बसायचे.

लाल ठिपके तालात पडत होते. जेसीबी कितीही रंगात आला तरी असा नाचत नाही. शॅननने ताल ओळखला.

"जेसीबी नाही रे. बँड आहे. केव्हिनचं, माझ्या भावाचं, उद्या लग्न आहे. आज उंबराचं पाणी आणायला विहिरीवर निघालेत."

"मग तू इथे काय करतेस?"

तिने धम्मपालशी कोर्टात लग्न केलं, चर्चमध्ये नाही, त्या दिवसापासून डॅडींनी तिचं नाव टाकलेलं. डॅडींचा, म्हणजे लिओनेलचा, हट्ट सगळ्या गावठाणाला ठाऊक होता. कोळणीशी वाजलं तर गडी महिनाभर डाळीवर काढील, पण तिच्या पाटीकडे वळून बघणार नाही. शॅननशी फोनवर बोलायलाही घरात बंदी. केव्हिनच्या लग्नाचं आमंत्रण गावभर गेलं, तिच्या दारापर्यंत काही आलं नाही.

मम्मीने, जोविटाने, मात्र आपली वाट काढलेली. नोकरी नवीन असताना शॅनन तिला म्हणालेली, "तू रस्त्यावर पाय आपटलास तरी मला इथे दिसेल." जोविटाने ते पक्कं लक्षात ठेवलं. बाजाराला जाताना ती विहिरीच्या वळणावर थांबायची, केबलच्या चेंबरच्या झाकणावर तीनदा पाय आपटायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जायची. इकडे पडद्यावर तीन हलके ठिपके उमटायचे. तेवढ्यावर शॅननचा दिवस जायचा.

"पण गाडी पाठवायचा नियम आहे," दिपेश चुळबुळत म्हणाला.

जाऊ दे की गाडी, शॅननला वाटलं. थांबू दे बँड, चारचौघांत होऊ दे डॅडींची शोभा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं, नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आणायचं, आणि त्यांच्या घरात पहिली कळशी नवऱ्याच्या बहिणीनेच उचलायची. लहानपणी ती केव्हिनला धमकी द्यायची, "चॉकलेट दे, नाहीतर बिनआंघोळीचा उभा राहशील." आज ती कळशी चुलतबहीण ॲडेलिनच्या डोक्यावर असणार. शॅननला भरून आलं.

"नको पाठवू गाडी," ती म्हणाली. "भरू दे त्यांना पाणी."

लाल पट्टा सरकत सरकत विहिरीच्या वळणाशी आला आणि थांबला. आता वरात रस्ता सोडून विहिरीकडे उतरणार आणि पडद्यावरून नाहीशी होणार. शॅननने डोळे पुसले. पण वरात उतरेना. बँडही वाजेना. सगळे नुसते उभे असावेत.

मग झाकणाच्या जागी ठिपका पडला. एक. दोन. जरा वेळाने तिसरा.

"मम्मी गं," शॅनन पुटपुटली. आणि एकदम पुढे वाकली.

मम्मीचे ठिपके हलके असायचे. हे चांगले जड होते. दुसऱ्यानंतर तिसरा पाय उचलायला माणसाला वेळ लागलेला, दुखऱ्या गुडघ्यावर तोल सावरताना लागतो तसा. मम्मीचे गुडघे धडधाकट होते. ऑपरेशन झालेलं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गुडघ्याचं.

"दिपेश, हे डॅडी आहेत!"

ढोल पुन्हा सुरू झाला. लाल पट्टा विहिरीकडे वळलाच नाही. तो केबल धरून सरळ पुढे निघाला.

"अगं, हे इकडेच येतायत!" दिपेश ओरडला.

थोड्या वेळाने पडद्याकडे बघायची गरजच उरली नाही. खिडकीची तावदानं थडथडायला लागली. शॅनन चपला न घालताच जिना उतरली.

फाटकाशी सगळं गावठाण उभं होतं. पुढे मम्मी, रडत आणि हसत. तिच्या शेजारी लिओनेल, घामाघूम, एक हात गुडघ्यावर आणि दुसऱ्या हातात पितळी कळशी. लेकीच्या तोंडाकडे बघायचा धीर त्यांना होईना. ते पायाखालच्या रस्त्याकडेच बघत होते.

"पाय आपटलेला, दिसला ना?" त्यांनी विचारलं.

शॅननने मान डोलावली.

"मंग जावयाला फोन कर. विहिरीवर ये म्हनावं," कळशी तिच्यापुढे धरत लिओनेल म्हणाले. "आन् तू ही उचल, पोरी. अजून रिकामीच हाय."