सातवं नवल

"डावीकडे बघा, खुर्ची," गाईड माईकवर म्हणाला आणि अख्खी बस डावीकडे वळली.

शेताच्या मधोमध तीस फूट उंचीची सिमेंटची खुर्ची उभी होती. ती कोणी बांधली आणि कशासाठी, हे गाईडलाही ठाऊक नव्हतं, पण सांगायचा मात्र तो रंगवून. खुर्चीनंतर किटलीच्या आकाराचं घर, मग कोंबड्यांचं खुराडं झालेलं जुनं विमान. बसमधून न उतरता दिवसभरात आठ नवलं दाखवायची, असा कंपनीचा कार्यक्रम होता. बस हळू व्हायची, फोटो निघायचे, बस पुढे. मध्ये थांबायचं नाही. मागच्या महिन्यात एका प्रवाशाला उलटी झाली म्हणून गाईडने बस थांबवली, तर त्याला लेखी समज मिळाली. पुन्हा थांबलात तर कायमचे घरी बसा, असं तीत स्वच्छ लिहिलं होतं.

सातवं नवल जिवंत होतं. एका छोट्या पुलाच्या टोकाला, कठड्यापाशी रोज एक आजोबा उभे असायचे. पायात बूट, खांद्याला पिशवी. बस आली की पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत एकेक चेहरा निरखून पाहायचे. बस गेली की घरी जायचे.

पहिल्याच वर्षी गाईडने खिडकीतून ओरडून विचारलं होतं, "कोणाची वाट बघताय?"

"बायकोची," आजोबा म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "याच बसने येणार का?"

"तिच्या गावाहून हीच एक येते."

गाईडला एवढं पुरलं. बायको रुसून गेली, तीस वर्षं झाली, म्हातारा अजून आस लावून उभा आहे, अशी कथा त्याने तयार केली. ऐकताना बसमधल्या निम्म्या बायका डोळे पुसायच्या. सांगता सांगता त्याचाही त्या कथेवर विश्वास बसला. त्याचं स्वतःचं लग्न काही जमलं नव्हतं. आपल्यासाठी असं कोणी एक दिवस तरी उभं राहावं, असं त्याला फार वाटायचं. त्या म्हाताऱ्याची बायको आपल्याच बसने यावी, एवढीच त्याची इच्छा होती.

सहावं नवल मागे पडलं तसं सात नंबरच्या सीटवरच्या काकूंनी त्याला हाताने बोलावलं. साठीच्या, नीटनेटक्या, सकाळपासून एकही फोटो न काढलेल्या.

"ते पुलावरचे आजोबा पुढेच आहेत ना?"

"अर्ध्या तासात येतील."

"रोज असतात?"

"अकरा वर्षांत एक खाडा नाही. अंगात ताप असला तरी येतात."

"तब्येत बरी आहे म्हणायची. आणि पाय? गुडघे वगैरे?"

गाईडला हसू आलं. "गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत त्यांचे. पण काकू, तुम्ही एवढी चौकशी..."

काकूंनी पर्सची चेन लावली. "शेजारीण या बसने येऊन गेली. तिच्या फोनमध्ये फोटो पाहिला. ती बायको मीच."

गाईड समोरच्या सीटवर बसला. त्याने विचारलं, "मग इतकी वर्षं का नाही आलात?"

"पदरात दोन पोरं होती, दादा. ती मार्गी लागेपर्यंत घर सोडता आलं नाही. आता मोकळी आहे." मग त्या म्हणाल्या, "बस थांबवता येईल का?"

गाईड उठला आणि थेट ड्रायव्हरकडे गेला.

"डोकं ठिकाणावर आहे का?" ड्रायव्हर म्हणाला. "नोकरी जाईल. नसती उठाठेव कोणी सांगितली तुला?"

"जाऊ दे गेली तर. गाईडने सांगितलं म्हणून थांबलो, असं लिहून दे. तुझ्यावर येऊ देणार नाही."

"आणि खाशील काय?"

"ते माझं मी बघेन. तू थांब."

ड्रायव्हर पुटपुटला, पण त्याने मान हलवली. अकरा वर्षं तोही ती कथा ऐकत होता.

पूल जवळ आला तशा काकू खिडकी सोडून पलीकडे, एका जाड्या गृहस्थाच्या आड जाऊन बसल्या. "आधी दिसायला नको मी," त्या म्हणाल्या. "एकदम समोर जाते."

ते ऐकून गाईडला भरून आलं. त्याने माईक घेतला. तो म्हणाला, "मंडळी, आज बस थांबणार आहे." का, हे त्याने चार वाक्यांत सांगितलं. लोकांनी काकूंकडे पाहिलं, कोणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

आजोबा नेहमीच्या जागी होते. पहिल्या खिडकीपासून त्यांनी पाहायला सुरुवात केली. तेवढ्यात बस थांबली. अशी ती कधीच थांबली नव्हती. आजोबा एक पाऊल मागे सरले.

दार उघडलं. गाईडने हात धरून काकूंना खाली उतरवलं.

"आजोबा," तो म्हणाला, "आल्या बघा."

आजोबांनी पाहिलं. मग कठड्यावरून उडी मारून ते शेतात उतरले आणि बांध तुडवत, मागे वळूनही न बघता, या वयात कोणी पळू नये इतक्या जोरात पळत सुटले.

बसमधले सगळे त्या बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाले.

काकूंनी कपाळावर हात आडवा धरून नीट पाहून घेतलं.

"तोच आहे," त्या म्हणाल्या. "पोरं पाळण्यात टाकून गेला, त्या दिवशीही असाच पळाला होता."