नाताळबाबाची पिशवी

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या वाडीत देवीची साथ आली आणि चर्चमधला नाताळ बंद झाला. टोचणाऱ्या डॉक्टरची सायकल वाजली की आम्ही दोघी बहिणी कडब्याच्या गंजीआड लपायचो. "पोरी मामाकडं गेल्यात," असं आमची आईच त्याला सांगायची. मग शेजारच्या हरणाबाईचा नातू देवीनं गेला.

नाताळच्या सकाळी पुन्हा सायकल वाजली, आम्ही पुन्हा लपलो. पण आई हाका मारत आली, "आगं, डॉक्टर न्हाई त्यो. नाताळबाबा आलाय, खाऊ घिऊन!"

मेंढीच्या लोकरीची दाढी, अंगाला लाल लुगडं गुंडाळलेलं, खांद्याला पिशवी. चार वर्षांची रूथ पळत जाऊन त्याच्या मांडीवरच बसली. त्यानं पिशवीत हात घातला आणि सुई काढली. रूथ किंचाळून आईकडं वळली, तर तिचा दंड आईनंच घट्ट धरलेला. लुगडंही आईचंच होतं, ते मला तेव्हा दिसलं.

"तुज्या भल्यासाठीच गं," म्हणत आईही रडत होती.

साथ गेली. पुढच्या नाताळला आमच्या अण्णांनी तीच दाढी लावली आणि पिशवीभर करंज्या घेऊन ते दारात उभे राहिले. "या गं पोरींनो, खाऊ आणलाय!"

 

रूथ गुमान पुढं गेली, पोलक्याची बाही वर केली आणि आईकडं न बघता डोळे मिटून घेतले.