बाबाचा अंगठा

दुपारी तीनच्या सुमारास भट्टीवाल्याच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. पहाटेपासून बेकरीच्या भट्टीपुढे उभा राहून तो नुकताच आडवा झाला होता. त्याने डोळे किलकिले केले. पलंगाशेजारी त्याची सात वर्षांची टिल्ली उभी होती आणि तिने त्याचा अंगठा मुठीत धरला होता.

गडी विरघळलाच. किती दिवसांनी पोरीने असा हात धरला होता! जाग आल्याचं कळलं तर सोडून देईल, म्हणून तो श्वाससुद्धा बेताने घेऊ लागला.

टिल्लीने काखेतला टॅब काढला आणि त्याचा अंगठा त्यावर टेकवला. टॅब उघडेना. पावाचे तापलेले पत्रे उचलून उचलून त्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. तिने तो फ्रॉकला पुसला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि जरा तिरका धरून दाबला. टॅब उघडला. मग तिने त्याचा हात अलगद चादरीखाली सरकवला.

इतकी सफाई एका दिवसात येत नाही. भट्टीवाल्याचं डोकंच फिरलं. रोज अर्धाच तास, तोही आईबाबांसमोर, असं ठरवून अंगठ्याचं ते कुलूप त्यानेच घातलं होतं. पण मुळात टॅब आणला होता तोही त्यानेच, दुपारची झोप नीट मिळावी म्हणून. हे आठवलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. रागवायला तोंडच उरलं नाही.

"टिल्ले."

पोरीच्या हातून टॅब पडता पडता राहिला. "आत्ताच घेतला बाबा! शप्पथ!"

"असू दे गं. ठेव तो बाजूला. चल, आपण दोघं खेळू काहीतरी."

तिने संशयाने त्याच्याकडे पाहिलं. झोपमोड झाली की बाबा संध्याकाळी घर डोक्यावर घेतो, हे ती पुरतं ओळखून होती. "नको, तू झोप," ती समजूत काढत म्हणाली. "मी आवाज एकदम बंद ठेवलाय. रोजच ठेवते."

टॅबवर एक अस्वल सशाशी तावातावाने भांडत होतं. नुसतीच तोंडं हलत होती.

"मग ते काय बोलतात ते कळतं कसं तुला?"

"मीच बोलते ना, मनातल्या मनात."

"आत्ता काय म्हणतंय अस्वल?"

टिल्लीने जरा वेळ निरखून पाहिलं.

"म्हणतंय, हळू बोल. बाबा झोपलाय."