स्वस्तातला पॉवर मीटर

घाटात सायकलवर शर्वरी रोज पुढे निघून जायची आणि मृणालचा मागे जळफळाट व्हायचा. शेवटी आपल्या पायांची ताकद मोजायला तिने तांबोळीकाकांच्या सायकलच्या दुकानातून एक वापरलेला, स्वस्तातला पॉवर मीटर ट्रायलला घेतला.

घाटमाथ्यावर आकडे उमटले: पाय एकशे चाळीस वॅट, हेवा साठ वॅट.

ती तडक दुकानात आली. "काका, हे काय भलतंच?"

"ताकद कुठून आली तेही सांगतो तो. म्हणूनच कोणी घेत नाही. महागडे नुसती बेरीज दाखवतात."

"आधी कोणाचा होता?"

"शर्वरीचा. दोन दिवसांत परत आणला तिने."

मृणालने घाईघाईने जुनी नोंद उघडली. पाय एकशे पंचवीस, हेवा नव्वद.

पाय मृणालचेच भारी होते, पण त्याचं तिला काहीच वाटलं नाही. हेव्यातही शर्वरी तीस वॅट पुढे होती.