दुसऱ्या कपानंतर

सर एडमंड हॉल्सींचं आयुष्य मेनूकार्डाच्या डाव्या पानावर छापलं होतं आणि जेवण उजव्या. डावीकडे खाणकामगाराचा मुलगा, ढीगभर नाटकं, लंडनमध्ये स्वतःच्या नावाचं थिएटर, राणीकडून मिळालेलं 'सर', असं सगळं आठ ओळींत आटोपलं होतं. उजवीकडे मशरूम सूपपासून आइस्क्रीमपर्यंत पान भरलेलं. दुबईच्या हॉटेलांत नाटक जेवणाबरोबर मिळे, आणि जेवण वेळेवर वाढलं जातंय ना हे बँक्वेट कॅप्टन विली डाबरे बघत असे.

आज त्यांच्या नाटकाचा शेवटचा प्रयोग. वेटरांना खूण पाठ होती. शेवटच्या अंकात म्हातारा बायकोला पुरून घरी येतो, सवयीनं दोन कप चहा करतो आणि दुसरा रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतो. मग बराच वेळ कोणी काही बोलत नाही. कोणी बोलत नाही म्हणजे वाढायला मोकळीक, असं बँक्वेटनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. कप टेकला की ट्रॉल्या बाहेर. स्टाफ त्या जागेला 'आइस्क्रीम ब्रेक' म्हणे.

"अंकल, आज जीएमसाहेब बसलेत," बँक्वेट मॅनेजर ॲड्रियन म्हणाला. दोघेही वसईचे, पण ॲड्रियनच्या गळ्यात टाय होता. "एक ट्रॉली जरी लेट झाली ना, उद्याची रजा खलास. मग म्हणू नका, गाववाल्यानं सांगितलं नाही."

उद्या विलीची फ्लाइट होती. रविवारी वसईच्या चर्चमध्ये बायकोच्या, पॉलिनच्या महिन्याची मिस्सा, ती जाऊन महिना होतो तेव्हाची प्रार्थना. तिच्या मातीला तो पोचला नव्हता. तेव्हा हॉटेलचा सीझन होता.

मध्यंतरात सर एडमंड काठी टेकत सर्व्हिसच्या दारापर्यंत आले. कालही ते प्रयोगाला होते. कप टेकताच पुढ्यात आलेल्या आइस्क्रीमला त्यांनी हात लावला नव्हता.

"कॅप्टन," ते हळू आवाजात म्हणाले, "तो कप ठेवतो ना, तिथे मी एकही शब्द लिहिलेला नाही. फार कष्टानं लिहिलेला नाही. इतक्या नाटकांत तेवढीच जागा खरी आहे. एकदा ऐकायचीय मला."

"सर, आइस्क्रीम वितळतं."

"हो," सर एडमंड म्हणाले. "वितळणारच." आणि आपल्या टेबलाकडे गेले.

कप टेकला.

"यल्ला! चला!" ॲड्रियननं मागून बोट नाचवलं.

विलीनं हात वर केला. पुढची ट्रॉली जागच्या जागी थांबली. हॉलमधले चमचे थांबले. पुढच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, नट वाक्य विसरला. तसं त्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्याही. मग त्याही गप्प झाल्या. एसीची घरघर ऐकू यायला लागली. विली त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. पॉलिन चहा बशीत ओतून प्यायची. इथे बशी ठेवलेली नव्हती.

"अंकल, काय करताय!"

विलीचा हात खाली आला नाही.

पडदा पडला, टाळ्या झाल्या, तेव्हा ट्रॉल्या निघाल्या. जीएमसाहेबांनी वाटीतलं गुलाबी पाणी चमच्यानं ढवळलं आणि मान वळवून ॲड्रियनकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर सर एडमंडांनी वाटी तोंडाला लावली, ती रिकामी करूनच खाली ठेवली.

"रजा खलास, अंकल," ॲड्रियन म्हणाला. त्याचा आवाज चढलासुद्धा नाही. "मिस्सेला येत नाही म्हणून घरी फोन करून टाका."

विलीनं सर एडमंडांपुढची वाटी उचलली, ट्रेमध्ये आवाज न करता ठेवली.

"झाली मिस्सा," तो म्हणाला.